गाडी आधी की क्लास आधी? रोड रेसिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रोड रेसिंगबद्दल थोडंसं लिहिलं आणि पत्रांचा पाऊसच पडला, बहुतेक सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो: माझ्याकडे अमुक गाडी आहे, ती रेसच्या कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, बसते? म्हणून या वेळी पूर्ण पानं त्यालाच दिली आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, रोड रेसिंग म्हणजे बंद सर्किटवरची डांबरी ट्रॅकची रेस, नागपूरच्या वर्धा रोडवरची नव्हे. आपल्या देशात हे प्रामुख्याने चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चालतं, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किटही आहे, आणि नियम एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेचे असतात.

प्रश्न: भाऊ, मी मिहानमध्ये नोकरीला आहे, वय 24. माझ्याकडे यामाहा आर15 आहे पण मित्र म्हणून राहिले की ही विकून टाक आणि बजाजची एनएस200 नाहीतर केटीएमची आरसी200 घे, 155 सीसी घेऊन ट्रॅकवर गेला तर पोट्टे हसतील. मले एकदा तरी खरी रेस करायची आहे. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: आर15 अजिबात विकू नका. तुमच्या मित्रांनी रस्त्यावरचा हिशोब ट्रॅकवर लावला आहे आणि तिथेच सगळं चुकतं. रस्त्यावर 200 म्हणजे 155 पेक्षा भारी, संपला विषय, पण ट्रॅकवर गाडी एकटी धावत नाही, ती तिच्या क्लासमधल्या गाड्यांबरोबर धावते. आपल्या नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये गेली काही वर्षं जे क्लास नियमित होत आहेत ते बघा: स्टॉक 165 सीसी नोव्हिस (म्हणजे नवख्यांचा), स्टॉक 165 सीसी मुलींचा, प्रो-स्टॉक 165 सीसी ओपन आणि त्यावर प्रो-स्टॉक 301 ते 400 सीसी ओपन. आता यात 199.5 सीसीची गाडी कुठे बसवणार? 165 साठी ती मोठी, 301 साठी लहान. रस्त्यावर इतकी चांगली गाडी, पण रेसच्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) तिला घरच नाही. टीव्हीएसच्या वन-मेकमध्ये (एकाच मॉडेलच्या गाड्यांची रेस) आरटीआर 200 धावते हे खरं आहे, पण तिथे गाड्या कंपनीच्या, सगळ्यांना सारख्या, तुमची स्वतःची गाडी घेऊन तिथे जाता येत नाही.

तुमची आर15 मात्र 155 सीसी, म्हणजे 165 च्या आत व्यवस्थित बसते, आणि नोव्हिसच्या ग्रिडवर नजर टाकली तर आर15 भरपूर दिसतात, त्यामुळे पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्यांवर काम चालतं तिथे) पार्ट मागायला गेलात तर शेजारच्या टेंटमध्ये तोच लिव्हर, तोच फूटपेग मिळतो, ही फार मोठी सोय आहे. जिक्सर 155 सीसीची, अपाची आरटीआर 160 4व्ही 159.7 सीसीची, या पण सीसीच्या हिशोबाने त्याच टप्प्यातल्या. फक्त एन्ट्री भरण्याआधी त्या वर्षीचं रेग्युलेशन डाउनलोड करून वाचा, कारण सीसी बसलं म्हणजे मॉडेल चालेलच असं नाही.

आता स्टॉक आणि प्रो-स्टॉक. बरेच जण इथेच गोंधळतात कारण दोन्हीकडे 165 लिहिलेलं असतं. स्टॉकमध्ये इंजिन कंपनीने दिलं तसंच ठेवायचं, लाइट आरसे इंडिकेटर साइड स्टँड काढायचे, रेसला लागणारे थोडेफार बदल करायचे आणि बाकी सगळं रायडरवर. प्रो-स्टॉकमध्ये एक्झॉस्ट, इंधनाचं मॅपिंग, सस्पेन्शन असं बरंच काही बदलायला मोकळीक असते, त्यामुळे तिथे पैसा बोलतो आणि ट्यूनर बोलतो. शिवाय ओपन याचा अर्थ तिथे कंपनीच्या टीमचे रायडर असतात, ज्यांचं काम हेच आहे, आणि पहिल्याच रेसला त्यांच्यात घुसलात तर दोन लॅपनंतर तुमच्यासमोर कोणीच दिसणार नाही आणि शिकायला काही मिळणार नाही. नोव्हिसमध्ये तुमच्यासारखेच असतात, कोणाची पहिली रेस कोणाची तिसरी, आणि सातव्या-आठव्या नंबरसाठी जी मारामारी चालते त्यात माणूस एका वीकेंडमध्ये जेवढा शिकतो तेवढा एकट्याने वर्षभर गाडी पळवून शिकत नाही, हे मी पिटलेनमध्ये उभं राहून अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि छोट्या सीसीबद्दल हसणाऱ्यांना एकच सांगा. चेन्नईचा ट्रॅक 3.717 किलोमीटरचा आहे, 12 वळणं. आर15 वर कमी ताकद असल्यामुळे वळणात घालवलेला वेग परत मिळवायला जागाच नसते, मधल्या वळणात नुसते ताशी 3 किलोमीटर कमी पडले तर पुढच्या सरळ पट्ट्याच्या शेवटापर्यंत ते तुमच्या मानगुटीवर बसतात आणि समोरची गाडी हळूहळू लांब जाताना दिसते. मोठ्या गाडीवर तीच चूक थ्रॉटल पिळून झाकता येते. म्हणून शिकायला 165 च चांगली, ही माझी पक्की समजूत आहे.

आधी एखाद्या ट्रेनिंग अकॅडमीत ट्रॅकवरचं ट्रेनिंग घ्या, एफएमएससीआयचं कॉम्पिटिशन लायसन्स काढा, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं तेही तयार ठेवा. पहिल्यांदा स्वतःची गाडी न्यायची नसेल तर चेन्नई आणि कोइमतूरकडच्या लहान टीम रेस वीकेंडसाठी तयार गाडी भाड्याने देतात, पडली तर खर्च कोणाचा ते मात्र आधी लिहून घ्या.

प्रश्न: आमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं आहे की बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून सीसी वाढवतात आणि रेसमध्ये कोणाले कळत पण नाही. मग 165 ची लिमिट कशाला ठेवली?
— गड्डीगोदाममधून

उत्तर: कळतं, आणि चांगलंच कळतं. रेस संपली की पहिल्या नंबरांच्या गाड्या थेट पार्क फर्मेमध्ये (तपासणीसाठी गाड्या बंद ठेवतात ती जागा) जातात, तिथे मेकॅनिकलाही हात लावू देत नाहीत. संशय असेल किंवा कोणी फी भरून रीतसर प्रोटेस्ट (तक्रार) टाकला तर इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायला लावतात. मग स्क्रुटिनीअर (गाडी तपासणारा अधिकारी) सिलिंडर पुसून घेतो, त्यात बोअर गेज उतरवतो आणि ते हळूच पुढेमागे झुलवतो, डायलवरचा काटा एका बाजूला जातो आणि परत फिरतो, ज्या जागी काटा परत फिरतो तोच खरा व्यास. वर, मध्ये, खाली, आणि 90 अंशात फिरवून पुन्हा, कारण सिलिंडर झिजून लांबट झालेला असू शकतो. स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मोजायला पिस्टन खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला नेऊन डेप्थ गेज लावतात. कॉम्प्रेशन बघायचं असेल तर हेडच्या पोकळीत ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) थेंब थेंब तेल सोडून किती मिली मावतं ते मोजतात. पाच-दहा मिनिटात सगळी चोरी उघडी.

हिशोब घरी पण करता येतो. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले 0.7854, सगळं सेंटिमीटरमध्ये, आलेला आकडा म्हणजे एका सिलिंडरचं सीसी. आरटीआर 160 4व्ही ची बोअर 62 मिलिमीटर आणि स्ट्रोक 52.9, करून बघा, 159.7 येतं. आता बोअर अर्धा मिलिमीटर वाढवली तर साधारण 162.3, पूर्ण एक मिलिमीटर वाढवून 63 केली तर 164.9, म्हणजे 165 च्या उंबरठ्यावर. टीव्हीएसने 2021 च्या शेवटी आरटीआर 165 आरपी नावाची मर्यादित 200 गाड्यांची आवृत्ती काढली ती 164.9 सीसीची होती. आकडा कुठून आला असेल ते लक्षात येईल तुमच्या.

पण तुमची गाडी 160 ची असेल आणि तुम्ही स्टॉक क्लासमध्ये असाल तर एक मिलिमीटर बोअर मारून 164.9 केलंत तरी बाद, सीसी 165 च्या आत आहे म्हणून सुटका नाही, कारण तिथे प्रश्न लिमिटचा नसून कंपनीच्या मापाचा आहे. क्लासच्या नावातला आकडा म्हणजे फक्त छत, आत काय करायचं ते नियमपुस्तक सांगतं. आणि आर15 च्या बाबतीत तर हा विषयच येत नाही, त्याचा डायसिल सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात जुन्या लोखंडी स्लीव्हसारखं रीबोअर करायची सोयच नाही, खराब झाला की ब्लॉक बदलायचा. गॅरेजवाल्याला हे पण विचारा.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची आरएक्स100 आणि मी स्वतः उभी केलेली राजदूत 350 अशा दोन गाड्या आहेत. दोन्ही एकदम कडक. टू-स्ट्रोकवाल्यांनी रेस करायचीच नाही का आता?
— सक्करदरा

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला, राजदूत 350 उभी करणं म्हणजे किती रात्री गेल्या असतील ते करणाऱ्यालाच माहीत. पण रोड रेसिंगच्या नॅशनल क्लासमध्ये आता सगळ्या फोर-स्ट्रोक आहेत.

याचं कारण समजून घ्या म्हणजे रुखरुख राहणार नाही. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला एकदा पेटतो, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून सारख्या सीसीच्या दोघांना एका क्लासमध्ये घातलं तर फोर-स्ट्रोकवाल्याचं काही खरं नाही. जगात सगळीकडे यावर तोडगा साधारण दुपटीचा निघाला. मोठ्या ग्रां प्री क्लासमध्ये 2002 साली 500 सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर 990 सीसीच्या फोर-स्ट्रोकला परवानगी दिली, आणि पहिल्याच वर्षी व्हॅलेंटिनो रॉसी होंडाच्या फोर-स्ट्रोकवर चॅम्पियन झाला, म्हणजे दुप्पट सूट थोडी जास्तच झाली. नंतर 250 टू-स्ट्रोकच्या जागी 2010 मध्ये 600 फोर-स्ट्रोक आल्या आणि 125 टू-स्ट्रोकच्या जागी 2012 मध्ये 250 फोर-स्ट्रोक. हा हिशोब लावला तर तुमची 98 सीसीची आरएक्स कागदावर आजच्या साधारण 200 सीसी फोर-स्ट्रोकच्या आसपास जाऊन बसेल आणि 347 सीसीची राजदूत थेट मोठ्या गाड्यांमध्ये. पण 1980 च्या दशकातली फ्रेम, ड्रम ब्रेक आणि बारीक टायर घेऊन तिला आजच्या आरसी390 बरोबर वळणात पाठवायचं? राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्सने आपल्याकडे ही गाडी डिस्कऐवजी ड्रम ब्रेकवर आणली हे तुम्हाला माहीत आहेच, आणि पहिल्या वळणाआधी तिला थांबवताना काय होतं ते तुमच्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत असणार. माझं मत विचाराल तर नको. त्या गाडीची एक टाकी, एक क्रँककेस आज मिळवायला किती हिंडावं लागतं.

ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र टू-स्ट्रोकला अजून मान आहे, तिथे टू-स्ट्रोकचे वेगळे क्लास ठेवतात, सरळ पट्टा, ब्रेक शेवटी एकदाच. आरएक्स तिथे शोभेल. राजदूतला रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत नेऊन आणा, लोक थांबून बघतील.

प्रश्न: वय 42, कावासाकी निन्जा 650 आहे. मला सुपरबाइक क्लासमध्ये उतरायचं आहे, वयामुळे अडचण येईल का? माझ्या मित्राकडे झेडएक्स-6आर आहे, 636 सीसी, मग आम्ही दोघं एकाच क्लासमध्ये ना?
— धरमपेठ

उत्तर: वयाची अडचण नाही, 42 व्या वर्षी लोक पहिली रेस करतात आणि फार समजूतदारपणे करतात. अडचण क्लासच्या समजुतीत आहे. सीसी जवळजवळ सारखं दिसतं म्हणून क्लास सारखा असं वाटणं साहजिक आहे, पण तुमची 649 आणि मित्राची 636 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हा जरा खोलात सांगतो कारण सगळ्या क्लास पद्धतीचा गाभा इथेच आहे.

तुमच्या इंजिनात दोन सिलिंडर, बोअर 83 आणि स्ट्रोक 60 मिलिमीटर. मित्राचं 636 सीसीचं फोर-सिलिंडर इंजिन घ्या, बोअर 67 आणि स्ट्रोक फक्त 45.1. पिस्टन वर-खाली किती वेगाने पळू शकतो याला धातूची मर्यादा आहे. तुमचं इंजिन 10,000 आरपीएमवर असताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 20 मीटर येतो. त्याच 20 मीटरला ते चार सिलिंडरवालं इंजिन जवळजवळ 13,300 आरपीएमवर पोचलेलं असतं, कारण त्याला प्रत्येक फेऱ्यात कमी अंतर जायचं आहे. शिवाय चार सिलिंडर म्हणजे 16 व्हॉल्व्ह, श्वास घ्यायला जास्त जागा. सीसी तेवढंच पण मिनिटाला 3,300 जास्त फेरे, म्हणून तुमची गाडी 68 पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आसपास आणि त्याची 120 च्या वर. एका ग्रिडवर उभे राहिलात तर पहिल्या सरळ पट्ट्यावर मित्र दिसेनासा होईल.

म्हणून बाहेरच्या देशांत क्लास ठरवताना सीसीबरोबर सिलिंडर मोजतात. सुपरस्पोर्ट या मधल्या आकाराच्या गाड्यांच्या क्लासच्या जुन्या नियमात चार सिलिंडर 600 पर्यंत, तीन सिलिंडर 675 पर्यंत, दोन सिलिंडर 750 पर्यंत. वर्ल्ड सुपरबाइक 1988 ला सुरू झाली तेव्हा चार सिलिंडरला 750 आणि दोनला 1000 होतं, 2003 पासून चार सिलिंडरलाही 1000 मिळालं, मग काही वर्षांनी दोन सिलिंडरवाल्यांना 1200. 2022 पासून तर सुपरस्पोर्टमध्ये 599 च्या आर6 शेजारी 955 सीसीची पानिगाले व्ही2, 765 ची स्ट्रीट ट्रिपल आणि 800 ची एमव्ही अगुस्ता उभ्या राहू लागल्या, आणि कोणी पुढे पळू लागली तर थ्रॉटल किती उघडेल आणि आरपीएम किती जाईल ते ईसीयूमधून (इंजिनच्या कंप्यूटरमधून) आवळतात. तुमच्या 650 ट्विनचं खरं घर तिकडच्या क्लब रेसिंगमध्ये आहे, अमेरिकेत लाइटवेट ट्विन्स आणि आइल ऑफ मॅन टीटीकडे सुपरट्विन्स म्हणत आले आहेत ते, सुझुकी एसव्ही650 आणि तुमच्याच निन्जा 650 वर लोक वर्षानुवर्षं रेस करतात, गाड्या स्वस्त, इंजिन चिवट, शर्यत चुरशीची.

आपल्याकडे मात्र मोठ्या गाड्यांचा हौशी ग्रिड नियमित भरत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ट्रॅक डे आणि रायडिंग स्कूल, चेन्नईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे लोक येऊन शिकवून गेले आहेत, तिथे तुमची स्वतःची निन्जा घेऊन जाता येतं. दोन, खरी रेसच करायची असेल तर रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेन्टल जीटी कप, 2021 ला सुरू झाला, 648 सीसीच्या ट्विन गाड्या, सगळ्या कंपनीने सारख्या तयार केलेल्या, त्यात हौशी रायडरसाठी वेगळी वर्गवारी ठेवली गेली आहे, निवड चाचणी द्यावी लागते. जाड, जड, रोडस्टर वाटणारी गाडी, पण सगळ्यांकडे तीच म्हटल्यावर शेवटच्या लॅपपर्यंत पाच-सहा जण एकमेकांना चिकटलेले असतात. मला स्वतःला वन-मेक रेसच बघायला सगळ्यात जास्त आवडते.

प्रश्न: निन्जा 300 घेऊ, जुनी आरसी390 घेऊ की एप्रिलिया आरएस457? पुढेमागे 301-400 क्लास करायचा आहे.
— हिंगणा रोड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर: निन्जा 300 म्हणजे 296 सीसी, 301 च्या खाली पाच सीसीने राहिली. आरएस457 म्हणजे 457, 400 च्या वर गेली. आरसी390 म्हणजे 373, बरोबर आत. अपाची आरआर310 ही 312, ती पण आत, आणि ती या क्लासमध्ये जिंकलेली गाडी आहे, ताकद कमी असली तरी. सेकंडहँड आरसी घेताना क्रॅश झालेली नाही ना ते फोर्कच्या खालच्या ट्रिपल क्लॅम्पपाशी (फोर्क धरून ठेवणारा जोड) आणि स्टिअरिंग स्टॉपवर (हँडल जिथे अडतं तो टेकू) बघा, स्टॉप चेपलेला किंवा पुन्हा वेल्ड केलेला असेल तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी. आणि "पुढेमागे" म्हणालात ते चांगलं केलंत, आधी 165 चा एक सीझन करा.

प्रश्न: माझी मुलगी 17 वर्षांची आहे, बारावीला. ती म्हणते रेसिंग करणार. घरात रोज वाद होऊन राहिले. मुलींसाठी वेगळं काही असतं का, आणि हे कितपत सुरक्षित आहे? खरं खरं सांगा.
— एक आई, नंदनवन

उत्तर: ताई, खरंच सांगतो. धोका आहे. बंद ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, दुभाजक नाही, गायी नाहीत, प्रत्येक वळणावर मार्शल उभा असतो आणि अ‍ॅम्ब्युलन्स तयार असते, तरीही पडणं होतं आणि हाड मोडू शकतं. कॉलरबोन आणि मनगट, ही दोन सगळ्यात जास्त. पण ती मुलगी आत्ता चोरून मैत्रिणीच्या भावाची गाडी रिंग रोडवर चालवत असेल तर त्यापेक्षा ट्रॅक लाखपटीने बरा, हे मी कोणत्याही आईसमोर बसून सांगायला तयार आहे.

मुलींसाठी स्टॉक 165 सीसीचा वेगळा क्लास नॅशनलमध्ये होत आला आहे, आणि टीव्हीएसच्या वन-मेकमध्येही मुलींची वेगळी रेस झाली आहे, तिथे गाडी कंपनी देते म्हणून पालकांचा सगळ्यात मोठा खर्च वाचतो. ऐश्वर्या पिस्से हे नाव तिला माहीत असेलच, बंगळूरची, रोड रेसिंगमध्ये तयार झाली, मग रॅलीकडे वळली आणि 2019 मध्ये एफआयएम (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचा किताब आणला. मोटरस्पोर्टमध्ये वर्ल्ड टायटल आणणारी ती पहिली भारतीय. म्हणजे रस्ता आहे, आणि त्यावर चालून गेलेली माणसं आहेत.

18 पूर्ण नसेल तर पालकांची लेखी संमती लागते, म्हणजे निर्णय तुमच्याच हातात आहे, भांडायची गरज नाही. बारावीची परीक्षा होऊ द्या आणि तिच्याशी एक ठरवा: आधी ट्रेनिंग स्कूल, तेही तुम्ही किंवा बाबा सोबत जाऊन. पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर टीमचे तंबू असतात त्या आवारात) एक दिवस बसा, तिथल्या मुलींच्या आयांशी बोला, त्या बऱ्याच असतात. आणि पैसे खर्च करायचे तर पहिले अंगावरच्या वस्तूंवर: एका तुकड्याचा लेदर सूट जो तिच्या मापाचा असेल, बॅक प्रोटेक्टर, घोट्याच्या वर जाणारे रेसिंग बूट, मनगट झाकणारे ग्लोव्ह, डबल डी-रिंगचं हेल्मेट. ढगळ सूट घेऊ नका, पुढच्या वर्षी पण होईल म्हणून मोठा घेतला की पडल्यावर कोपराचं पॅड कोपरावर राहतच नाही, सरकून दंडावर जातं. भाड्याने मिळत असेल तर मापाचा भाड्याचा बरा.

प्रश्न: प्रॅक्टिस कुठे करायची? आउटर रिंग रोड सकाळी पाचला मोकळा असतो. समृद्धी पण मस्त आहे.
— बेसा, तीन मित्र मिळून

उत्तर: नाही. समृद्धीवर तर टू-व्हीलरला मुळात परवानगीच नाही. आउटर रिंग रोडवर सकाळी पाचला दूधवाले असतात, कामावर जाणारी माणसं असतात, रेती सांडलेली असते, आणि तुम्ही तिघं एकमेकांना बघून पळवणार. या सदरात मी कधीही रस्त्यावरच्या वेगाला हो म्हणणार नाही, कृपा करून हा प्रश्न पुन्हा पाठवू नका.

नागपुरात बसून करण्यासारखं खूप आहे. कोणाचं खाजगी मोकळं पटांगण मिळालं, परवानगी घेऊन, तर प्लास्टिकचे कोन लावून आठचा आकडा आणि स्लॅलम (कोनांमधून नागमोडी चालवणं) करा, 20-30 च्या वेगात, अंगावर पूर्ण गिअर घालून. नजर पुढच्या कोनावर न्यायची सवय, पुढचा ब्रेक हळूहळू आवळत नेणं, शरीर आधी हलवून मग गाडी वळवणं, हे सगळं तिथे जमतं आणि ट्रॅकवर जसंच्या तसं उपयोगी पडतं. बाकी मांड्या आणि पोट मजबूत करा. आठ लॅपच्या रेसमध्ये हात भरून येतात त्याचं कारण हातात नसतं, मांडीने टाकी पकडता येत नाही म्हणून माणूस हँडलला लोंबकळतो.

प्रश्न: गाडी चेन्नईला न्यायची कशी? चालवत नेली तर? आणि नेण्याआधी गाडीत काय काय करावं लागतं?
— वर्धमाननगर

उत्तर: चालवत नेऊ नका, हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, पोचाल तेव्हा तुम्ही पण थकलेले आणि टायर पण. आपलं एक भाग्य की नागपूर दिल्ली-चेन्नई मुख्य लाइनवर आहे, जीटी एक्स्प्रेस आणि तामिळनाडू एक्स्प्रेस दोन्ही इथूनच जातात, म्हणून रेल्वे पार्सल सगळ्यात सोपं. स्टेशनच्या पार्सल ऑफिसला आरसी बुकची कॉपी आणि ओळखपत्र घेऊन जा, टाकी पूर्ण रिकामी करून न्या, पेट्रोल असेल तर घेतच नाहीत. पॅकिंग बाहेरची पोरं करून देतात पण उभं राहून करून घ्या, लिव्हर आणि टाकीवर पोतं दुहेरी बांधायला लावा. गाडी रेसच्या किमान चार-पाच दिवस आधी टाका, कारण पार्सल तुमच्याच ट्रेनमध्ये चढेल याची खात्री नसते. तीन-चार जण असाल तर छोटा टेम्पो ठरवून एनएच 44 ने हैदराबाद आणि तिथून पुढे चेन्नईला जाणं परवडतं आणि टूलबॉक्स, स्टँड, जास्तीचे टायर पण मावतात.

गाडीत करायचं ते घरूनच करून न्या, तिथे वेळ मिळत नाही. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साइड स्टँड काढा, हेडलाइट काढायची मुभा नसेल तर काचेवर टेप मारा म्हणजे फुटली तरी ट्रॅकवर तुकडे पसरत नाहीत. ऑइल ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिलर कॅपला बारीक भोक पाडून लॉक वायर बांधा, बोल्ट ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने तार ओढलेली हवी, उलट बांधली तर स्क्रुटिनीमध्ये परत पाठवतात. आर15 सारखी लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरा, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागून येणारा घसरतो. आणि परत आल्यावर ते पाणी काढून कूलंट पुन्हा भरायला विसरू नका, मे महिन्यात 45 डिग्रीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर नुसत्या पाण्यावर इंजिन लवकर उकळतं.